पानपिंपरी घेऊन कोल्हापूरला

आधी नाव सांगते, मग प्रवास. महादेवीअक्का, शिवाजी पेठ, कोल्हापूर. अक्का म्हणजे कानडीत थोरली बहीण. आपल्या अंजनगावात या बाईला कोणी ओळखत नाही, म्हणूनच तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं. हे वाचून बाकी काही ध्यानात राहिलं नाही तरी चालेल, एवढं नाव राहावं.

आता मी गेले कशाला ते. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत त्रिकटूवर काम चाललं आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी कुटून एकत्र केलेलं चूर्ण म्हणजे त्रिकटू. खोकल्याला आपल्याकडे मधातून चाटवतात, तेच. ते खरंच किती काम करतं, हे तिथल्या मॅडमना शास्त्राच्या पद्धतीने तपासायचं होतं. त्यासाठी पिंपळी बाजारातली नको, थेट मळ्यातून कोणीतरी हाताने आणून द्यावी, असा त्यांचा फोन आला. आपली पानपिंपरी ती हीच.

बाबा म्हणाले, "जाय तू. त्यायनं घेतली तर वेली ठेवतो. नाई घेतली तर या उन्हाळ्यात उपटतो अन् संत्रा लावतो. मंग मले बोल लावू नोको."

मी आठवीत शाळा सोडली. आई आजारी पडली तेव्हा मळ्यात गेले, ती परत वर्गात बसलेच नाही. चप्पल बाहेर काढून मळ्यात शिरायचं, वेल आधाराच्या शेवरीला बांधायचा, पिकलेली पिंपरी कोणती आणि कच्ची कोणती ते ओळखायचं, एवढंच मला येतं. वेली गेल्या असत्या तर मला येणारं सगळंच गेलं असतं. म्हणून भीती वाटत असूनही निघाले.

अकोल्याहून गाडी धरली. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू झोपलंय का हो?" मी म्हटलं, "हो, झोपलंय." तिने मग उगाच आवाज केला नाही. आपली काळी जमीन मागे पडत गेली. मिरज सोडल्यावर खिडकीतून नुसता ऊस. मध्येच गुऱ्हाळाचा धूर यायचा आणि डब्यात गरम गुळाचा वास पसरायचा. पोटात भूक होती, पण जेवणाचा डबा उघडायचं सुचलं नाही.

कोल्हापुरात उतरले तर पहिलाच घोळ. प्रयोगशाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत माझी सोय होणार होती, पण तिथे परीक्षेसाठी बाहेरगावचे मास्तर लोक उतरले होते. फाटकावरचा माणूस म्हणाला, उद्या बघू. मी पिशवी छातीशी धरून रस्त्यावर उभी. रिक्षावाल्याने माझं तोंड पाहिलं असावं.

"ताई, पेठेत आमची अक्का हाय. वरची खोली देत्या. दिवसभर मिरचीत बसत्या, पन मनानं गोड हाय."

शिवाजी पेठेतल्या अरुंद गल्लीत रिक्षा थांबली. एका बाजूला तालीम, तिच्या ओट्यावर पोरं फुटबॉलच्या मॅचवरून भांडत होती. समोर अक्काचा डंक (मसाला कुटायचं यंत्र). आत लोखंडी मुसळं धडधड वरखाली होत होती. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेला लाल मसाला. वर्षभराची चटणी उन्हाळ्याच्या तोंडाला करून ठेवतात, त्यामुळे बायकाबाप्यांची रांग लागलेली. मी दारात पाय ठेवला आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. डोळ्यांतून पाणी. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "पावणी बिगर मिरचीची तिखट झाली."

डंकामागून एक उंच बाई आली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हात कोपरापर्यंत लाल.

"कुठली गं तू?"

"अमरावतीकडची. अंजनगाव."

"लई लांबनं आलीस की. काय धरलंयस ते उराशी, सोनं?"

"पिंपरी. म्हणजे पिंपळी. औषधाची."

"आमच्या डंकात औषधच कुटतो मी. निस्तं लाल असतंय एवढंच." मग तिने विचारलं, "ऊटा आयता?" (जेवलीस का?) मला काही कळलं नाही. तिने ओळखलं आणि सरळ ताटच पुढे ठेवलं. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, वर दही. आपल्याकडच्या बायांसारखीच अक्का 'मी जातो, मी करतो' म्हणते. परक्या गावात तेवढं एक ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत. शहराबाहेर, झाडांमधली शांत इमारत. मॅडम माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी पिंपरी हातावर घेतली, वास घेतला, एक तोडून जिभेला लावली. म्हणाल्या, "छान आहे." मला वाटलं, झालं काम.

काम झालं नव्हतं. त्यांनी थोडी पिंपरी कुटली, कसल्याशा द्रवात भिजवली आणि त्याचा थेंब एका पांढऱ्या पट्टीवर टाकला. शेजारी खात्रीच्या पिंपळीचा थेंब. बऱ्याच वेळाने ती पट्टी निळसर दिव्याखाली धरून त्यांनी मला जवळ बोलावलं. दोन्हीकडे ठिपक्यांच्या ओळी उमटल्या होत्या. सारख्याच. फक्त आमच्या ओळीत जास्तीचे पिवळे ठिपके चमकत होते.

"ही हळद आहे," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला दोष देत नाही. पण तीन जिन्नसांच्या औषधात चौथा आला तर मी नेमकं काय तपासतेय, हेच मला सांगता येणार नाही. हा माल मी घेऊ शकत नाही."

"चाळून चालेल का?"

"नाही. आता सगळ्याला लागली आहे. सोमवारी आम्ही मिश्रण करायला घेणार. तोवर स्वच्छ माल आला तर तपासेन. नाही आला तर दुसरीकडचा घ्यावा लागेल."

बाहेर पायरीवर बसून मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "लावली ना म्या हयद. वेलीचं पयलं पीक परगावी चाललं. पोरगी सासरी धाडतो तं हयद लावूनच धाडतो ना? पिसवीत चिमूटभर टाकली अन् हलवली." तिचं तरी काय चुकलं? आपल्या प्रत्येक घरात पहिल्या पिकाला हळद लागते. पिंपरीच्या काळसर रंगावर ती दिसतसुद्धा नाही. मग बाबांनी फोन घेतला. भेसळ हा शब्द मी उच्चारला नव्हता, त्यांनीच उच्चारला आणि त्यांनाच तो लागला. म्हणाले, "वापस ये. आमाले नाई द्याची पिंपरी."

मी पेठेत परतले. रडले नाही, पण अक्काने विचारल्यावर सगळं एका दमात सांगितलं. तिने ओल्या फडक्याने हात पुसले आणि माझा फोन मागितला. मी तो स्पीकरवर लावून दिला.

"नमस्कार पावणं. मी अक्का बोलतो. तुमची पोरगी माझ्याकडं हाय."

"हाव. तिले म्हना वापस ये. आमच्या मालाले भेसय म्हनून राह्यले ते."

"भेसळ कोण म्हणत न्हाय. हळद लागल्या म्हणत्यात. लागल्या का न्हाय?"

"लागली. पन थे देवाची हयद होय."

"मग देवाची देवाला लावा. औषधाला कशाला लावता?"

अक्का उत्तराला थांबली नाही.

"घरात दुसरी पिंपळी हाय का, तेवढं सांगा," अक्का म्हणाली.

"आहे. पन मी नाई पाठवत."

"पाठवू नका की. घिऊन या."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि डंकाशी जाऊन बसली. मी मनाशी ठरवलं, सोमवारपर्यंत इथून हलायचं नाही. मधल्या दिवसांत मी अक्काच्या मिरच्यांचे देठ खुडत बसले. संध्याकाळी तिने मला रंकाळ्यावर (शहरातलं मोठं तळं) नेलं. सगळं गाव तिथे पाण्याला वळसा घालत फिरत होतं. मी मात्र फोनकडेच बघत होते.

रविवारी दुपारी बाबा आले. अकोल्याच्या पलीकडे कधी न गेलेला माणूस, धोतराचा सोगा एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात. कपाळभर हळद. आईने या खेपेला ती त्यांनाच लावली होती. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि हात ओला झाला.

"बाबा, पिशवी ओली कशी?"

"ऊन किती होतं गाडीत. टेसनाटेसनाले पानी शिंपडत आलो. सुकून जाईन म्हून..." बोलता बोलता ते थांबले. त्यांचं तोंड उतरलं.

जन्मभर त्यांनी पानांच्या करंड्या नेल्या. विड्याचं पान ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि वाटेत पाणी मारत राहायचं, हेच त्यांच्या हाताला ठाऊक. वाळलेल्या पिंपरीवर पाणी मारू नये, हे त्या हातांना कोण सांगणार? ओली पिंपरी म्हणजे बुरशी. मॅडमनी पहिल्या फोनवरच बजावलंही होतं, ओल तपासली जाईल.

अक्काने पिशवीत हात घालून पाहिला. "आधी हळद लावली, आता न्हाऊ घातलं. लगीनच लावून टाका की तिचं." बाबांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

ऊन अजून होतं. वाळवायला जागा एकच, डंकावरची गच्ची. अक्का वर आली, कठड्यावरून बोट फिरवून तिने माझ्यासमोर धरलं. लाल. डंक चालू असला की मिरचीची धूळ वर उडते, दोरीवरच्या कपड्यांनाही सोडत नाही. पिंपरीवर बसली असती तर पट्टीवर आणखी एक ठिपका.

अक्काने बोट पदराला पुसलं. खाली गेली. धडधड थांबली. आधी मला वाटलं वीज गेली.

गच्ची धुऊन आम्ही कोरडी केली आणि स्वच्छ चादरीवर पिंपरी पसरली. खालचं बोलणं वर ऐकू येत होतं. रविवार, सगळ्यात गर्दीचा दिवस.

"अक्का, मुरगूडास्नं आलोय मी. मिरच्या भाजून आणल्यात. आज बंद म्हंजे?"

"औषध वाळतंय वर."

"कुणाचं?"

"खोकल्याचं. तुलाच लागंल, बिड्या वडतोस तवा. बस, चहा करतो."

"तुझा चहा पिऊन मिरच्या कुटणार हाईत व्हय?"

"मग पलीकडच्या डंकाला जा. माझा डंक दिवस बुडाल्यावर चालणार हाय."

काही लोक बसून राहिले, बरेच उठून गेले. पाट्या डोक्यावर घेऊन ते गल्लीतून जाताना मला वरून दिसत होते. मी खाली धावले. "अक्का, नका बंद ठेवू. कपडा झाकू आपण वरून."

"झाकलं तर वाळंल कसं? तुझं काम तू कर. पाखरं बघ वर."

बाबा आणि मी उन्हात बसून हाताने पिंपरी खालीवर करत राहिलो. बाबा चादरीबाहेर पाय ठेवून बसले होते, मळ्यात बसतात तसे अनवाणी. ऊन कलेपर्यंत डंक बंद होता. पिंपरी हातात खुळखुळ वाजायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "वायली." (वाळली.) नव्या कापडी पिशवीत ती मी बांधली. मगच खाली धडधड सुरू झाली.

सोमवारी मॅडमनी ओल तपासली, मग पट्टी केली. बाबा आणि मी बाकावर. बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते.

मॅडम बाहेर आल्या. "ओल बरोबर आहे. पट्टी स्वच्छ आहे. हा माल आम्ही घेतो."

बाबांनी विचारलं, "म्हंजे औषध खरं ठरलं?"

"नाही काका, माल खरा ठरला. औषधाचं अजून बघायचं आहे. उपयोग नाही असंही निघू शकतं. तसं निघालं तर मी तसंच लिहीन."

मला वाटलं, बाबा रागावतील. पण ते म्हणाले, "तसंच लिवा. आमच्या मायनं आमाले चाटवलं, आमी बरे झालो. पन कायनं झालो थे कोनाले मालूम?"

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. ऊस संपून काळी जमीन दिसू लागली तेव्हा म्हणाले, "पावसायात नव्या वेली लावा लागतीन. शेवरीचं बी पाह्य कोनाकडे हाय तं." संत्र्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

निकाल काय लागेल ते लागो. शास्त्राचं काम शास्त्र करेल. पण लांबच्या गावी, मी कोण, कुठली, हे धड माहीत नसताना एका बाईने आपलं चालतं काम माझ्यासाठी थांबवलं. किती गिऱ्हाईक गेलं ते तिने सांगितलं नाही आणि निघताना विचारलं तर म्हणाली, "गाडी चुकंल तुझी. जा आता."

अक्का, हे कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचा तो दिवस माझ्याकडे राहिला आहे. वेली लागल्या, मळा उभा राहिला की एका हंगामाला मी कोल्हापुरात येईन, तुमच्या डंकाशी उभी राहीन आणि तुम्ही बसून राहायचं. एक दिवस नाही, अख्खा हंगाम.