मंदाताईंनी फियाट चढवली

डिसेंबरातली सकाळ, ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं घर, आणि मंदाताई सुर्वे जमिनीवर गाल टेकून फियाटच्या खाली टॉर्च मारताहेत. वय चौसष्ट. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पोरींच्या किती पिढ्यांना तरफ समजावली. पण घरातली गाडी उचलायची वेळ कधी आलीच नव्हती. गाडी सासऱ्यांची, बासष्ट सालची. त्यांच्यामागे तिला हात लावायचा हक्क एकट्या माधवरावांचा. बायकोनं फार तर काच पुसावी! चाळीस वर्षं बाईंनी हे ऐकून घेतलं. का घेतलं, देव जाणे.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. गेल्या हिवाळ्यात माधवरावांची छाती इतकी भरली, की पंधरा दिवस इस्पितळात काढावे लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, ग्वाल्हेरची थंडी पुन्हा अंगावर काढायची नाही, तीन महिने लेकीकडे बंगळूरला जा. ट्रेन आज संध्याकाळची. आणि नवरोबा अडून बसलेले! गेल्या वर्षीच्या धावपळीत गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली आणि चारी टायर खालून चपटे झाले. म्हणून या वेळी चार लोखंडी स्टँड आणले होते. मिस्त्री लोक त्यांना घोड्या म्हणतात. गाडी घोड्यांवर चढली, चाकं अधांतरी झाली, की मगच निघायचं, असा हट्ट. मिस्त्री आठला येणार होता. दहा वाजले तरी त्याचा फोन लागेना.

"राहू दे. तिकिटं रद्द कर," माधवराव खोकत खोकत म्हणाले.

मंदाताईंचं डोकंच फिरलं. "रद्द? अहो, टायर मोठे की छाती मोठी? मी चढवते गाडी!"

"तू?"

"हो, मी. तुम्ही खुर्चीवर बसा अन् बघा."

शेजारचे विक्रमसिंह, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आवाज ऐकून आलेच. "हुकुम कीजिए, भाभीजी!"

बाईंनी पदर खोचला. पुढच्या चाकांना मागून-पुढून लाकडी गुटके ठोकले, गाडी गिअरमध्ये टाकली, आणि मागच्या आसाच्या बरोबर मधोमध जॅक लावला. दांडा दाबला. पुन्हा दाबला. आणि काय सांगू, ती नऊशे किलोची बया चक्क वर आली की!

"उठली! अहो, उठली!" बाई शाळेतल्या पोरीसारख्या ओरडल्या. इतकी मजा आजवर नवऱ्यानं एकट्यानं लुटली, याचा त्यांना मनापासून राग आला.

आसाखाली दोन घोड्या सरकवल्या, गाडी अलगद त्यांच्यावर टेकवली. जॅक मात्र काढला नाही, बोटभर खाली ठेवला. "आता हलवून बघू. त्याआधी कोणी खाली हात घालायचा नाही," बाई म्हणाल्या. विक्रमसिंहांनी बाजूनं खांदा लावला मात्र, कर्र करून गाडी डावीकडे घसरली आणि जॅकवर येऊन थांबली.

"हटिए!" बाई किंचाळल्या. माधवराव खुर्चीतून उभेच राहिले.

टॉर्च मारला तेव्हा कारण दिसलं. सुर्व्यांच्या घरी खंडेनवमीला पणजोबांची तलवार पूजतात, तिच्या शेजारी सगळी हत्यारं मांडतात. माधवरावांनी या वर्षी घोड्याही मांडल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर हात सैल सोडून तेल-कुंकू थापलं होतं. ते वर्षभर पुसायचं नाही, हा घरचा नेम. लोखंड लोखंडावर तेलानं घसरणार नाही तर काय करणार?

"खंडेनवमीचं कुंकू पुसणार तू?" माधवराव पुटपुटले.

"पुसणार. देव समजून घेईल, गाडी नाही घेणार."

माधवरावांनी खिशातला स्वतःचा रुमाल काढून पुढे केला. बाईंनी रॉकेलनं चारी घोड्या खसाखसा पुसल्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मागची बाजू, हलवून बघितलं, गच्च. मग पुढची. शेवटी विक्रमसिंहांनी कचकचून धक्का दिला, तेच मागे सरकले, गाडी हलली नाही. "कमाल हो गया!" ते म्हणाले. बाईंनी गिअर काढून चारी चाकं एका बोटानं फिरवून बघितली आणि मोठ्यानं हसल्या.

माधवराव हसले नाहीत. विक्रमसिंह चहा सांगायला घरी गेले, तेव्हा बायकोला हळूच म्हणाले, "मंदा, टायरचं काय घेऊन बसलीस. मी तिकडून परत आलोच नाही तर? ही अशीच लटकत राहील गं."

म्हणजे सकाळपासून हे होतं तर! बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"लटकत कशाला राहील? मी खाली उतरवीन. आता येतं मला. अन् रोज दाल बाजारात घेऊन जाईन. ऐन गर्दीच्या वेळी."

"दाल बाजारात? हातगाड्यांमधून?"

"रोज."

माधवरावांनी एकदा गाडीच्या चकचकीत दाराकडे पाहिलं, एकदा बायकोच्या काळ्या झालेल्या हातांकडे. ती हे करेल, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

"बॅगा भर," ते म्हणाले. "अन् मार्चचं परतीचं तिकीट आत्ताच्या आत्ता काढ."