पानावरून उठलेली सवाष्ण

आमच्या भावकीत एक गोष्ट सांगितली जाते. सात वर्षांपूर्वी अविधवा नवमीला माझी बायको आईच्या नावाच्या पानावरून अर्ध्यात उठली, कारण नाशिकला राहून तिला गावचं अन्न गोड लागेनासं झालं होतं. ही गोष्ट खोटी आहे. ती मी तयार केली, एका वाक्यात, हसत हसत. आज माझं वय चौऱ्याहत्तर आहे. ती मोडायची तर मीच मोडायला हवी.

आई सवाष्ण गेली. म्हणून पितृपक्षातल्या नवमीला नांदगावकडच्या आमच्या गावी थोरली वहिनी एका सवाष्णीला जेवायला बसवते. खीर, वडे, कढी, गिलक्याची भजी, वर तुपाची धार. त्या बाईने पोटभर खाल्लं की आई जेवली असं आम्ही धरतो, आणि तिचं होईपर्यंत पंगतीतलं कुणी उठत नाही. त्या वर्षी नेहमीच्या बाईच्या घरी सुतक आलं. आईला आत्याबाई म्हणणाऱ्या वहिनीने बायकोला सांगितलं, "तूच बस गं. आत्याबाईंनाबी बरं वाटंल, धाकटी सून हाय."

त्याच्या तीन महिने आधी बायकोची पित्ताची पिशवी काढली होती. पोटाला चार बारीक भोकं पाडली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, "सहा आठवड्यांत सगळं खायला लागाल." हे वाक्य मी सरकारी आदेशासारखं धरून बसलो. सहा आठवडे संपले, तरी जेवण झालं की अर्ध्या तासात तिला धावावं लागे. कधी वरण-भात पचे, कधी नुसत्या चहाने पोटात मुरडा येई. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणायची. मी म्हणायचो, "पिशवीच नाही तर दुखेल काय? मनाचे खेळ आहेत."

तपासणीला मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, "कसं वाटतंय?"

मी म्हणालो, "छान आहे. टाके सुकले, जेवण व्यवस्थित आहे."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. डॉक्टरांनी कागदावर सही केली. मी असं का बोललो, याचा विचार मी गेल्या दोन वर्षांत पुष्कळ केला. बाहेर रांग होती. जुलाबाचं बोलणं चारचौघांत नको वाटत होतं. पण खरं कारण याहून साधं आहे. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात आमच्या दोघांच्या वतीने मी बोलायचं, हे लग्नापासून चालत आलं होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी सांगणार होते." मी स्कूटरला किक मारता मारता म्हणालो, "मग सांगायचं ना!"

नवमीच्या आठवडाभर आधी तिने मला एकच काम सांगितलं. "वहिनींना फोन करा. माझ्या पानावर तळलेलं नको म्हणावं. मी सांगितलं तर त्यांना नखरे वाटतील." मी हो म्हणालो आणि फोन केला नाही. मोठ्या वहिनीशी पोटाच्या तक्रारी काय बोलायच्या, असं म्हणून दोन दिवस टाळलं, मग विसरलो.

पंगतीत ती माझ्या समोरच्या रांगेत होती. वहिनी वडे घेऊन आली. बायको पानावर हात आडवा धरून म्हणाली, "बास, वहिनी." वहिनी म्हणाली, "आत्याबाईंचं पान हाय ते, तुझं न्हाय. हात काढ." तिने हात काढला. दोन वडे पडले, खीर पडली, तूप पडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कढी भुरकत होतो. पानात वाढलेलं तिने निम्मं खाल्लं असेल. मग ती एकाएकी उठली आणि अंगणाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे जवळजवळ पळत गेली.

सगळी पंगत थांबली. वहिनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "काय झालं हो, भाऊजी?"

खरं उत्तर तीन-चार शब्दांचं होतं. पण आईच्या पंगतीत, थोरल्या भावासमोर, भावकीतल्या पंधरा-वीस माणसांसमोर जुलाब हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी हसून म्हणालो, "तिला आता हे असलं सोसत नाही, वहिनी. शहराची सवय लागली."

दोघं-चौघं हसले. वहिनी हसली नाही. तिने ते पान उचललं आणि गाईपुढे नेऊन ठेवलं. एकदा उठलेल्या पानावर परत बसत नाहीत. बायको हातपाय धुऊन आली तेव्हा तिच्या जागी नुसता पाट होता. ती पाटाशेजारी उभी राहिली. तिला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

परतीच्या एसटीत तिने विचारलं, "काय सांगितलंत?"

"बरं नाही म्हणून सांगितलं."

खरं तिला सहा महिन्यांनी एका लग्नात कळलं, भावकीतल्याच बायकांच्या टोमण्यांतून. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "जुलाबाची लाज मला नव्हती. तुम्हाला होती." त्यानंतर नवमीला ती गावी आली नाही. मी एकटा जाई, आणि "यंदाही नाही का आली?" या प्रश्नावर खांदे उडवी.

मग माझी पाळी आली. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात माझीही पिशवी खड्यांसकट काढली. मीही दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि सहा आठवडे मोजत बसलो. सातव्या आठवड्यात रविवारी आमचा फिरायला जाणाऱ्यांचा गट गंगापूर रोडच्या पुढे मिसळ खायला गेला. मी दोन पाव आणि जेमतेम अर्धी वाटी तर्री घेतली. घरी पोचायच्या आत, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, माझे कपडे खराब झाले.

पिवळं, जळजळीत पाणी. ज्याला झालंय त्यालाच त्याची आग ठाऊक. मी दारात उभा राहिलो. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मोरीत बादली लावली. बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "आता तीन दिवस भाताची पेज घ्या. दूध बंद. बाहेर जायचं असेल तर जायच्या आधी काही खायचं नाही. आणि तुमच्या मिसळ खाणाऱ्या गटाला सांगा, पोट सुटतं म्हणून. नाहीतर ते म्हणतील, शहराची सवय लागली."

मी तांदळाचा डबा खाली काढला.

पुढच्या महिन्यांत मला एक नवाच नकाशा पाठ झाला. कुठल्या पेट्रोल पंपावरचा संडास उघडा असतो, कुठल्या हॉटेलात म्हाताऱ्या माणसाला आत सोडतात. दुपारचं लग्न असेल तर मी सकाळपासून उपाशी राही. लोक आग्रह करत आणि मी पानावर हात आडवा धरत असे. एकदा लासलगावला मित्राकडे जाताना एसटीत पोटात कळ आली. बायकोने कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. "यांना उतरायचंय, पोट बिघडलंय," असं तिने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं. एका शेतकऱ्याने मला त्याच्या वस्तीवर नेलं. परत आलो तेव्हा तिने पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत माझा धुतलेला पायजमा होता, जुना टॉवेल होता, साबणाची वडी होती.

"हे कधी ठेवलंस?"

"तुमचं दोन महिन्यांपासून. माझं पहिल्यापासूनच आहे."

तिच्या पर्सचं वजन फार असतं म्हणून मी तिची चेष्टा करायचो. कुठेही गेलं की ती आधी त्या घरातल्या बाईबरोबर मागच्या अंगणात का जाते, गाडीत दाराजवळची जागा का मागते, बाहेर पडायचं असलं की नुसता कोरा चहा का पिते, हे मला पाच वर्षं दिसत होतं. बघितलं मात्र नव्हतं. एवढी वर्षं ती हा सगळा संसार एकटीने खांद्यावरच्या पर्समध्ये वाहत होती.

तपासणीला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "कसं वाटतंय?" आणि ते थांबले. बायको शेजारी होती, पण ती बोलली नाही. उत्तर मलाच द्यायचं होतं आणि ते द्यायला मला वेळ मिळत होता. मी सगळं सांगितलं, कपडे खराब झाल्याचंही.

डॉक्टर म्हणाले, "पिशवी पित्त साठवते आणि जेवणाच्या वेळी सोडते. पिशवी नसली की ते सारखं आतड्यात झिरपत राहतं. बहुतेकांना सवय होते. काहींच्या आतड्याला ते झोंबतं. त्यावर पावडर आहे."

मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. मला हे लगेच समजलं. धरण असेल तर पाण्याचं आवर्तन ठरवून सुटतं, नसेल तर पाट बाराही महिने वाहतो आणि कडेचं रान पाणी मुरून चिबाड होतं. यात मनाचा कसला खेळ?

मी म्हणालो, "डॉक्टर, हिलाही हेच आहे."

"कधीपासून?" त्यांनी तिला विचारलं.

ती म्हणाली, "त्यांना विचारा. माझं तेच सांगतात."

डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मला मात्र खुर्चीवर बसणं कठीण झालं. त्याच्या पाच वर्षं आधी तिला एवढंच विचारलं गेलं होतं. तिने तेव्हा सांगितलं असतं, तर ही पावडर तिला तेव्हाच मिळाली असती. मधल्या त्या वर्षांमध्ये माझं ते "छान आहे" उभं होतं.

पावडर वाईट लागते, रांगोळी पाण्यात कालवल्यासारखी. बाकीच्या गोळ्यांपासून ती लांब घ्यावी लागते, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर वेळा लिहिलेला कागद आहे. आम्ही दोघंही घेतो. चमत्कार झाला नाही. तेल-तूप थोडं थोडं, जेवण चार वेळा थोडं थोडं, असं करत करत वर्षभरात माझे वाईट दिवस आठवड्याला चारवरून एकावर आले. तिचे तेवढे कमी झाले नाहीत. उशीर झाल्यामुळे का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी त्यांच्या त्या उत्तराचा आधार घेत नाही.

गेल्या नवमीला मी गावी गेलो. बायको आली नाही. पंगत बसली, सवाष्णीचं पान वाढलं. मी जेवायला बसायच्या आधी उभा राहून म्हणालो, "वहिनी, सहा वर्षांपूर्वी मी खोटं बोललो. तिला जुलाब होत होते. ऑपरेशनपासून होते. तळलेलं वाढू नका, हा निरोप तिने माझ्याजवळ दिला होता, तो मी दिला नाही. आता मलाही तेच झालंय. गावच्या अन्नाला तिने कधी नावं ठेवली नाहीत."

थोरले भाऊ म्हणाले, "अरे, जेवताना काय हे!" कुणीतरी हसलंही. वहिनीने हातातली पळी खाली ठेवली.

"सहा वरसं," ती म्हणाली. "सहा वरसं मी म्हणत होते, माझ्याच हाताचं काय चुकलं. आत्याबाई उपाशी गेल्या माझ्या दारातून. दरसाल वडे तळताना तेच मनात यायचं माझ्या. आन तुम्ही शिकलेलं मानूस, येवढं एक बोलता न्हाय आलं?"

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, मी एकाच बाईचं नुकसान केलं.

वहिनीने त्याच संध्याकाळी बायकोला फोन केला. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलं नाही. फोन पाऊण तास चालला एवढं नंतर कळलं.

यंदाच्या नवमीला बायको आली. वहिनीने तिलाच पाटावर बसवलं. पान वाढलं ते मुगाच्या मऊ खिचडीचं, पातळ ताकाचं आणि उकडलेल्या दुधी भोपळ्याचं. भावकीतल्या एका म्हातारीने विचारलं, "नैवेद्याला वडा न्हाय?" वहिनी म्हणाली, "आत्याबाईंनाबी शेवटी खिचडीच जायची. इसरलात का?" आणि खरंच, शेवटच्या दोन महिन्यांत आई तेवढंच खात होती.

बायको सावकाश जेवत होती. वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने विचारलं, "आता बरं हाय का गं तुला?"

बायकोने घास खाली ठेवला. सवयीने पंगतीतल्या चार माना माझ्याकडे वळल्या. माझ्या ओठांवर शब्द आलाही होता. मी खिचडीचा मोठा घास घेतला आणि तोंड बंद ठेवलं.

"नाही, वहिनी," ती म्हणाली. "पूर्ण बरं नाही." आणि मग ती सांगू लागली, अगदी पहिल्या दिवसापासून. तिचं सांगून होईपर्यंत कुणी उठलं नाही.