केशरमामीचा पाया

माझी केशरमामी खोटं बोलत नाही. हा तिचा गुण आहे, असं आमच्या नात्यागोत्यात कोणी म्हणत नाही. लग्नाच्या पंगतीत तिला भाजी कशी झाली म्हणून विचारू नये, एवढं आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. माझ्याच लग्नात तिनं माझ्या सासूबाईंना तोंडावर सांगितलं होतं, की वरणात हिंग कमी आहे आणि जावई आळशी आहे. हिंगाचं मला माहीत नाही. दुसरी गोष्ट माझी बायको गीतांजली आजही मामीचा हवाला देऊन सांगते.

मामाचं गाव अमरावतीहून मोर्शीला जाताना अलीकडेच लागतं. घर माळ्याचं. चार एकरात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बरबटी म्हणजे चवळी, आणि बांधाच्या कडेनं संत्र्याची झाडं. भगवंतमामा चाळीस वर्षं माळकरी. मटण तर सोडाच, अंड्याच्या दुकानावरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. मामीनं मात्र माळ घातली नाही. एका घरात एक पुरे, म्हणायची. तिचं माहेर परतवाड्याकडचं, खाणारं. दिवाळी झाली की चार दिवस जायची, भावाकडे पोटभर खायची आणि परत आली की आधी न्हाणीत शिरायची, मग चुलीपाशी. मामाच्या घरात चाळीस वर्षांत हाड म्हणून शिजलं नाही. दोघांचं यावरून कधी भांडण झालं नाही. भांडायला त्यांच्याकडे मामाचा खर्रा होता, सुपारी-तंबाखूचा. माळ खर्ऱ्याबद्दल काही सांगत नाही, असं मामांचं म्हणणं होतं, आणि दिवसाला चार पुड्या लागायच्या.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मामा बांधावर पडले. झाडावर चढले नव्हते, बैलामागे धावत नव्हते. नुसते उभे होते. पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. तीन महिने झाले, फोटो काढला, तर हाड जसंच्या तसं दोन तुकड्यांत. डॉक्टर म्हणाले, अजून सहा आठवडे वाट पाहू. नाही जुळलं तर ऑपरेशन. कंबरेचं हाड थोडं काढायचं आणि तिथं बसवायचं. तंबाखू बंद करा, प्रथिनं वाढवा, असंही म्हणाले, पण मामांनी ऑपरेशनच्या पुढचं काही ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील टेबलावरच गेले होते. गाडीत बसताना त्यांनी मामीला एकच वाक्य सांगितलं, की जुळलं तर जुळलं, नाही तर मी खाटेवर राहीन, पण टेबलावर चढणार नाही. मामा एकदा नाही म्हणाले की संपलं, हे मामीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणजे आता सगळं त्या सहा आठवड्यांवर होतं.

मोडलेल्या हाडावर आमच्याकडे प्रत्येक माणसाजवळ एकच औषध असतं. पाया. बकऱ्याचे पाय दिवसभर शिजवायचे आणि रस्सा प्यायला द्यायचा. गावातल्या बाया सांगून गेल्या, मोटारसायकलवाले थांबून सांगून गेले. मामाची मुलगी वर्षाली अकोल्याहून रोज फोन करायची. मामी म्हणायची, त्यांच्या गळ्यात माळ आहे. वर्षाली म्हणायची, सांगूच नको ना मग, वरण म्हणून दे. मामी फोन ठेवून द्यायची.

यात माझी भूमिका सांगितलीच पाहिजे. गीतांजलीनं दिवाळीच्या सेलमध्ये एक स्लो कुकर मागवला होता. विजेवर चालणारं, आत चिनीमातीचं भांडं असलेलं, ढेरपोट्या डेगीसारखं यंत्र. तिनं त्यात एकदा सकाळी दहाला खिचडी लावली आणि आम्ही संध्याकाळी पाचला जेवलो. तेव्हापासून तो कपाटावर होता. एका रविवारी मी तो उचलून मामीकडे नेला. गीतांजली सोबत होती. कुकरबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती, तिच्या पहिल्याच पानावर एका सूपचा फोटो होता. गीतांजलीनं ते मामीला मराठीत वाचून दाखवलं. रात्रभर भिजवलेली पांढरी बीन्स घ्यायची, कांदा, गाजर, लसूण घालायचं, वरून हॅमचं हाड ठेवायचं आणि मंदवर आठ तास सोडून द्यायचं. हॅम म्हणजे काय, असं मामीनं विचारलं. डुकराची तंगडी, खारवलेली, गीतांजली म्हणाली. मामीनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तं पायाच झाला," ती म्हणाली. "अन् बरबटी."

मग मी माझी अक्कल पाजळली. चूल नको, घरही नको. शेतात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत प्लग आहे, तिथं हे लावायचं. घरात वास येणार नाही. चूल बाटणार नाही, भांडी बाटणार नाहीत. बाटले तर फक्त मामा बाटतील आणि त्यांना ते कळणार नाही. पाय दर रविवारी मी आणून देतो. हे सगळं मी मामा पलीकडच्या खोलीत खाटेवर असताना बोललो. हळू आवाजात बोललो, असा माझा समज होता.

मामीनं कुकरचं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाली, "ठेवून जाय."

शेतातली लाइन, म्हणजे वीज, आठ तास असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पुस्तिकेतही आठ तासच लिहिले होते. अमेरिकेचं आणि आमच्या शेतातल्या लाइनीचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ज्या दिवशी दिवसाची लाइन असेल, त्या दिवशी मामी सकाळीच डोक्यावर बोचकं घेऊन शेतात जायची, कुकर लावायची आणि त्याच्याशेजारी पोतं टाकून बसायची. कुकर सोडून निंदायला जा, तो काही पळत नाही, असं मी तिला समजावलं. तेवढ्यासाठीच तर त्याचा शोध लागलाय, म्हटलं. ती म्हणाली, लाइन गेली तर कोणीतरी पाहिजे. आणि झाकणावर तळहात ठेवून बसून राहिली. थंडीचे दिवस होते, त्यामुळे हात ठेवायला जागा वाईट नव्हती.

घरी मामाजवळ शेजारच्या गोदाबाई बसायच्या. पाणी द्यायच्या, गावातल्या बातम्या द्यायच्या, पण खर्रा आणून द्यायला साफ नकार. त्यांचे यजमान तोंडाच्या रोगानं गेलेले. पूर्वी मामांनी कटकट केली की मामी कंटाळून रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी पुडी सांगायची. आता कटकट ऐकायला मामीच घरात नव्हती. मामा गोदाबाईंवर चिडून राहिले, पण त्याला इलाज नव्हता.

मी सहा रविवार गेलो. दर वेळी आठ पाय, भाजून साफ केलेले, तुकडे करून. शेताच्या तोंडाशी मामीचा कुत्रा भुऱ्या असायचा. पहिल्या रविवारी तो माझ्यावर भुंकला. दुसऱ्या रविवारी शेपटी हलवली. चौथ्या रविवारी तो मला घ्यायला डांबरी रस्त्यापर्यंत आला होता. मला वाटलं, माझा स्वभाव जनावरांना कळतो. मी पिशवी मामीच्या हातात द्यायचो आणि विचारायचो, मामी, देतेस ना त्यांना? ती म्हणायची, देते. आठ पाय आठवडाभर कसे पुरतात, हा प्रश्न मला पडला नाही. मी भूमी अभिलेख कार्यालयात नोकरीला आहे. प्रश्न न पडण्याची आम्हाला सवय असते.

संध्याकाळी मामी स्टीलचा डबा घेऊन घरी यायची आणि मामांना वाडगा भरून द्यायची. तपकिरी, दाट रस्सा, वर लसणाची तर्री. मामा शाल गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे, भिंतीकडे तोंड करायचे आणि एका दमात पिऊन टाकायचे. दोन वेळा मी समोर होतो. मला वाटलं, थंडी वाजत असेल. मामी मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. पाचव्या रविवारी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

सहा आठवडे संपले. भाड्याची गाडी केली आणि मामांना अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, मान हलवली, पुन्हा पाहिला. हाड जुळलं होतं. ऑपरेशनची गरज नाही, म्हणाले. आठवडाभर काठी, मग हळूहळू चाला. तंबाखू सोडलीत का, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, सोडली नाही, कोणी आणून दिली नाही. डॉक्टर म्हणाले, मग तेच कामी आलं. मी मामीकडे पाहून डोळा मिचकावला. मामी खिडकीबाहेर पाहत होती.

गावात शिरताना मामा म्हणाले, गाडी देवळापाशी थांबव. मी म्हटलं, आधी घरी जाऊ, देव कुठं जातो? मामांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि देवळातल्या बुवांनी घातलेली तुळशीची माळ बाहेर काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांचा गळा मोकळा होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"बुवाले वापस देतो," मामा म्हणाले. "दीड महिना झाला, पाया पिऊन राहिलो. आता हे गळ्यात ठेवाचा हक नाई माहा."

मी पुढच्या काचेकडे पाहायला लागलो. ज्या खोलीत मी हळू आवाजात बोललो होतो, तिची भिंत कुडाची होती, हे मला तेव्हा आठवलं.

"त्यात बरबटी होती," मामी म्हणाली.

"राहू दे वं."

"बरबटी, लसून, अद्रक, अन् तीळ वाटून. दुसरं काई नाई."

"माह्या माळीसाठी खोटं नोको बोलू," मामा म्हणाले. "जिंदगीत बोलली नाई, आता कावून बोलतं?"

चाळीस वर्षं जिच्या खरं बोलण्याला सगळी सोयरिक वचकून होती, तिच्यावर पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तर पुराव्यानिशी बोललो. म्हटलं, मामी, मी अठ्ठेचाळीस पाय आणले, ते कुठं गेले?

"भुऱ्याले विचार," मामी म्हणाली.

भुऱ्याला विचारायची गरज पडली नाही. माझा आवाज ऐकून तो देवळाच्या ओट्यामागून आला. पोळ्याच्या वेळी त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. आता त्याला चालताना श्वास लागत होता, अंगावरचा केस तेल लावल्यासारखा चमकत होता आणि तो माझ्या हातात पिशवी शोधत होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. अठ्ठेचाळीस पाय त्या कुत्र्यात सहज मावत होते.

मामीनं मग सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी कुकर लावला, बरबटी टाकली, पायांची पिशवी सोडली आणि हात पुढे होईना. पाय भुऱ्यापुढे टाकले. मला नको म्हटलं असतं तर मी भाषण दिलं असतं आणि वर्षाली अकोल्याहून आली असती, म्हणून कोणाला सांगितलं नाही. देते का विचारलं, तर देते म्हणाली. वाडगा तर देतच होती. आणि बरबटीनं हाड जुळतं की नाही, हे माहीत नव्हतं. दीड महिना झाकणावर हात ठेवून ती तेवढाच विचार करत होती, की माळ सांभाळताना माणसाचा पाय आपल्या हातानं घालवते आहे की काय.

हे सांगून झाल्यावर ती मामाकडे वळली. मामीला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तुमाले वाटलंच कसं," ती म्हणाली, "का मी तुमच्या वाडग्यात ते टाकीन?"

मामांनी खोटं उत्तर दिलं नाही. "वाटलं," म्हणाले.

"मंग पेले कावून?"

मामा माळ या हातातून त्या हातात करत राहिले. "तू आठ आठ घंटे बसून रांधे," ते म्हणाले. "तो डबा मी वापस कसा करू?"

ड्रायव्हरनं उगाच आरसा पुसला. मला लाज वाटत होती. चांगली वाटत होती. फसवायचं कसं, ते मी शिकवलं होतं, आणि या दोघांना ते धड जमलंही नव्हतं. एकानं माळ सोडली होती, दुसरीनं झोप, आणि दोघंही एकमेकांना कळू न देता.

मामीनं डोळे पुसले, मामाच्या हातातून माळ घेतली आणि त्यांच्या गळ्यात घातली. घालताना ती त्यांच्या कानात अडकली, तर "मान खाली करा" म्हणून ओरडली. बरबटीनं माळ तुटत नाही, असं तिनं बुवांना न विचारताच ठरवून टाकलं. मग मला म्हणाली, "बापू, येत्या आयतवारी पाय आनजो. चार पुरे."

मी विचारलं, आता कोणाला?

"मले," मामी म्हणाली. "वाळून गेली मी."

त्या रविवारी मी चार पाय घेऊन गेलो. घरी मामा नव्हते. गोदाबाईंनी सांगितलं, सकाळीच काठी घेऊन शेताकडे निघाले, थांबत थांबत. मी शेतात गेलो. मामी वांग्याच्या वाफ्यात निंदत होती. पिशवी घेऊन ती खोलीत गेली, पाय भांड्यात टाकले आणि झाकण लावून पुन्हा वाफ्यात आली. या खेपेला हाडं तेवढी मिळतील, असं तिनं भुऱ्याला सांगितलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

मोटारीच्या खोलीत मामा पोत्यावर बसले होते, दुखरा पाय लांब करून. खोलीत वास कोंडला होता. चाळीस वर्षं जो माणूस अंड्याच्या दुकानासमोरून गेला नाही, तो त्या वासात गळ्यातली माळ सांभाळून बसला होता, आणि त्याचा तळहात कुकरच्या झाकणावर होता. मी म्हटलं, मामा, याच्याजवळ बसायची गरज नसते, तो आपला आपण शिजवतो. तुम्ही घरी चला.

"लाइन गेली तं कोनी तरी पाह्यजे," मामा म्हणाले.