आवाजाचा जिना

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पण मी नोकरीत नेमकं काय करते हे बाबांना टेम्पो स्टँडवर कुणाला सांगता येत नाही, आणि ते त्यांच्या मनाला लागतं. म्हणून रविवारी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "बाबा, स्पीकर तपासायला सेकंदाला शंभर ते दहा हजार कंपनांपर्यंतचे सूर लागतात. ते मी तयार करते. ऐका."

घाईत मी शंभर आणि दहा हजार हेच आकडे टाकले. सूरांचे आकडे काढणाऱ्या संगणकाच्या आज्ञेला खरं तर दहाचे घात द्यायचे असतात, शंभरासाठी दोन आणि दहा हजारासाठी चार. दहाच्या शंभराव्या घाताहून वर चढताना आकडे संगणकात मावेनासे झाले; पडद्यावर ओळीनं अनंत, अनंत, अनंत उमटलं आणि स्पीकर गप्प.

"हे करायला पदवी लागते?" बाबा म्हणाले.

मी हसत हसत घात टाकले. सूर वर चढू लागले तशी त्यांची मान हलू लागली.

"जिना चढल्यासारखं वाटतंय गं. पायऱ्या अगदी सारख्या."

आकड्यांत त्या सारख्या नसतात. प्रत्येक आकडा आधीच्याच्या तितक्याच पटीनं मोठा, त्यामुळे वर जाताना अंतर वाढतच जातं. कानाला मात्र प्रत्येक पायरी सारखीच वाटते. माणसांचंही असंच असावं. चौथी शिकलेले बाबा गावातून शहरात आले, टेम्पो शिकले. तिथून पुढे मी पदवी घेतली. लोकांना माझी पायरी मोठी दिसते. मला त्या दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

बाबांनी तेवढ्यात स्टँडवरच्या मित्राला फोन लावला.

"सदू, आमची पोरगी आवाजाचे जिने बांधते. थांब, ऐकवतोच तुला."

आणि त्यांनी फोन स्पीकरला लावून धरला.