रंगांतून मोजलेला पाऊस

पडदा वर जातो तो मुखेडच्या तहसील कचेरीतल्या सभागृहावर. पंखा कुरकुरतोय. हिरव्या कापडाच्या टेबलामागे तहसीलदार. उजव्या अंगाला कडक इस्त्रीतले आलोक साहेब, तालुक्यात पाऊस मोजणारी स्वयंचलित यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी. आणि डावीकडून, छातीशी लॅपटॉप धरून, शिवगंगा. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी, पस्तिशीची. चाल अशी, की मागच्या रांगेतली कुजबुजही थांबावी.

तिचे वडील ईश्वरप्पा. एकतीस वर्षं, सणावारी, अंगात ताप असतानाही, सकाळी साडेआठला त्यांनी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून आकडा वहीत लिहिला. गेल्या सप्टेंबरात एका दिवशी त्यांनी ब्याण्णव मिलिमीटर लिहिले. कंपनीच्या यंत्राने अकरा. तेव्हा याच सभागृहात आलोक साहेब हसून म्हणाले होते, "आप्पांनी तांब्यानं पाणी ओतलं असेल!" सगळे खो खो हसले. आप्पांची वही काढून घेतली गेली. त्यानंतर म्हातारा आठवडी बाजारात दिसला नाही.

 शिवगंगाने हवामान खात्याच्या रडारची त्या दिवसाची चित्रं उघडली.

रडार ढगाकडे लहरी सोडतं. परतणाऱ्या लहरींचा जोर चित्रात रंग होऊन उतरतो. एकेका ठिपक्याचा रंग कडेच्या पट्टीशी जुळवला की जोराचा आकडा मिळतो, त्याला सूत्र लावलं की ताशी किती मिलिमीटर पाऊस पडत होता ते कळतं. दहा-दहा मिनिटांची चित्रं अशी वाचून बेरीज केली, की दिवसाचा पाऊस हाती येतो.

तिने तहसीलदारांकडे तक्रार केली, पण पहिल्या सुनावणीत ती तोंडावर आपटली. घाईत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली चित्रं घेतली होती. रंग फिसकटलेले, आणि ऐन मुखेडवर गावाचं नाव छापलेलं. तिच्या प्रोग्रामने ती काळी अक्षरं गडद जांभळा रंग समजून मोजली. पाऊस निघाला ताशी चारशे मिलिमीटर!

"मॅडम, तुम्ही गावाच्या नावाची अक्षरं मोजलीत," आलोक साहेब म्हणाले. पुन्हा तेच हसू.

घरी आप्पा म्हणाले, "सोड गं माय. लोक इसरत्यात."

"मी न्हाई इसरत, आप्पा."

रीतसर अर्ज करून तिने मूळ चित्रं मिळवली. तीन महिने लागले. अक्षरांखालचे ठिपके वगळून शेजारच्या ठिपक्यांवरून ती जागा भरली. आधी शेजारच्या जळकोट गावावर ताडून पाहिलं. तिथल्या मापकात एकतीस, तिच्या हिशेबात एकोणतीस. मगच मुखेडला हात घातला.

"अठ्ठ्याऐंशी," आज तिने सभागृहाला सांगितलं.

"हा अंदाज झाला," आलोक साहेब म्हणाले. "ब्याण्णव कुठं आले?"

"अंदाजच हाय. आता तुमच्या यंत्राची नोंद वाचा, साहेब. दुसऱ्या दिवशीची. दुपारी बारा वाजता किती मिलिमीटर?"

"शून्य पूर्णांक दोन."

"एक वाजता?"

"शून्य पूर्णांक दोन."

"जरा मोठ्यानं. मागं ऐकू येत न्हाई."

पाच वाजेपर्यंतची एकेक ओळ तिने त्यांच्याकडून वाचून घेतली. कपाळावरचा घाम पुसायलाही उसंत दिली नाही. मग पडद्यावर त्याच दुपारची चित्रं लावली. मुखेडवर एकही रंगीत ठिपका नव्हता.

"कडक ऊन होतं. मग तुमच्या यंत्रात पाऊस कुठून पडत होता? यंत्राच्या नरसाळ्यात वरच्या लिंबाच्या झाडाचा पाला अडकला होता, साहेब. आदल्या दिवसाचं पाणी वरून वाहून गेलं, उरलेलं थेंब थेंब गळत होतं."

कोणी हसलं नाही. ईश्वरप्पांची वही सन्मानाने परत करा, असं तहसीलदारांनी तिथंच लिहून दिलं.

व्हरांड्यात आलोक साहेब मागून धावत आले. चेहरा उतरलेला. "मॅडम, मी घरी येऊन आप्पांचे पाय धरतो. एवढ्यावर मिटवा. माझी नोकरी जाईल."

शिवगंगाने लॅपटॉप पिशवीत घातला, चेन ओढली आणि सावकाश म्हणाली, "तुमची अजून अठरा यंत्रं हायेत ना, साहेब? त्या सगळ्या गावांची चित्रं मागवलीत मी."