पोशीआयचं नाव छापलं त्याची गोष्ट

सुदर्शन गावित जव्हारला सरकारी कचेरीत कारकून होता, पण ते पोटापुरतं. मनाने तो मेकॅनिक. बंद घड्याळ दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे आणि चालू घड्याळ दिसलं तरी शिवशिवायचे, म्हणून शेजारीपाजारी आपली घड्याळं त्याच्यापासून जपून असत. २००१च्या उन्हाळ्यात त्याने घरी कॉम्प्युटर आणला आणि सोबत बाजारातला सगळ्यात स्वस्त प्रिंटर. त्याच महिन्यात मुलीचं, हर्षालीचं, लग्न ठरलं.

"घरात प्रिंटर असताना पत्रिका बाहेर छापायच्या?" सुदर्शनने विचारलं. बायको, नीता, तांदूळ निवडत राहिली. वीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती.

वांगणीला, आपल्या गावी जाऊन त्याने आईला, पोशीआयला, शब्द दिला, पत्रिकेत निमंत्रक म्हणून तुझं नाव, शेवटी, मोठ्या अक्षरात. पोशीआयचं नाव तोवर रेशनकार्डावर होतं, तेही कुणीतरी पेनाने खरडलेलं. छापलेलं कधीच नव्हतं. त्या दिवसापासून म्हातारीचे पाय जमिनीवर ठरेनात. पाणवठ्यावर काय, जाईल तिथे तेच सांगणं. शेजारची कोंडी तर तिला येताना बघून वाट बदलू लागली.

लग्नपत्रिकेचं पान कॉम्प्युटरवर तयार केलं नाशिकला भाच्याने, कमलेशने. त्याच्याकडचा मराठी टाइप जव्हारच्या कॉम्प्युटरवर नव्हता, म्हणून त्याने फ्लॉपीवर अशी फाइल दिली की तिच्यात अख्खं पान वर्णन करून ठेवलेलं. इथून रेघ ओढ, इथे वळण घे, इथे थांब. छापखान्यातल्या मोठ्या प्रिंटरला ती भाषा कळते. सुदर्शनच्या स्वस्त प्रिंटरला तिचा गंधही नव्हता. त्याने हुकूम पाळायचे सोडून हुकूमच छापले. कंस, आकडे, टक्क्यांची चिन्हं, पानामागून पान. सुदर्शनने वायर उपटली तेव्हा पन्नास पानं झाली होती. ती कोपऱ्यात रचून तो तोंड पाडून कचेरीला गेला.

संध्याकाळी येऊन बघतो तर कोपरा रिकामा.

"आय आली होती," नीता म्हणाली. "पत्रिका झाल्या म्हणून घेऊन गेली. हळदीचे तांदूळ त्यातच बांधून उद्या सकाळपासून घरोघर वाटणार."

सुदर्शन मटकन खाली बसला. तांदूळ आले की लग्नाचं बोलावणं पोचलं, ते ठीक. माणसं येतील. पण म्हातारी प्रत्येक दारात कागद पुढे करून सांगणार, माझं नाव वाचा. आणि वाचणाऱ्याला दिसणार टक्के.

मग त्याला आठवलं, कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीत घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्रॅम होता. पानाचं वर्णन वाचून तो साध्या प्रिंटरला कळेल असं चित्र करून देतो. नाव ऐकून नीता म्हणाली, "लग्नाच्या घरात भूत कशाला?" सुदर्शनने ऐकलंच नाही. प्रोग्रॅमने प्रिंटरांची लांबलचक यादी पुढे टाकली, तिच्यात त्याचं मॉडेल नव्हतं. त्याने त्याच कंपनीचं जुनं मॉडेल निवडलं. थोरला भाऊ आहे, सांभाळून घेईल, म्हणाला आणि बटण दाबलं.

प्रिंटर कुरकुरला. कागद सरकला. वर तारपा वाद्याचं चित्र उमटलं, मग हर्षालीचं नाव, मुहूर्त, स्थळ, सगळं काळंभोर आणि झोकदार. सुदर्शनने नीताला धरून गिरकी घेतली. तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "आय कुठंय?"

आय नव्हती. स्वस्त प्रिंटर पानाच्या तळच्या अर्ध्या इंचात पोचतच नाही, आणि म्हातारी नेमकी तिथेच होती. सुदर्शनने कपाळ बडवलं. मग अख्खं पान लहान करून नव्वद टक्क्यांवर आणलं आणि परत बटण दाबलं. शेवटची ओळ वर सरकली आणि आय पानाच्या कडेवर चढून बसली. नवराबायको इतके हसले की हर्षाली धावत बघायला आली.

सकाळी पहिली जीप धरून, पुढे तंगडतोड करून तो वांगणीला पोचला. पोशीआय कोंडीच्या अंगणात उभी होती, चेहरा पडलेला. अंगणवाडीत शिकवणारी सकू कागद उलटसुलटा करत होती.

"मावशी, यात तुझा नाव नाय," सकू म्हणाली.

"नीट बघ. पोराने शब्द दिला हाय."

सुदर्शनने धापा टाकत पत्रिका पुढे केली. सकूने शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "पोशी लहान्या गावित."

लहान्या म्हणजे सुदर्शनचा बाप, जाऊन अकरा वर्षं झालेला. नवऱ्याचं नाव बायकोने तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून पोशीआयने ते जन्मात उच्चारलं नव्हतं. आणि तो गेल्यापासून तिच्यासमोर दुसऱ्या कुणीही नाही.

"परत वाच," ती म्हणाली. सकूने वाचलं. "परत." मग तिने सकूचा हात धरला आणि पुढच्या घराकडे निघाली, तिथेही हेच वाचायला. साऱ्या वाडीत सकूचा घसा बसला. म्हातारी मात्र हसत होती, रडत होती आणि दर दारात तांदूळ सांडत होती.

शेवटच्या घरी तिने सुदर्शनला जवळ बोलावून पत्रिकेवर बोट ठेवलं.

"यात मी कुठं हाय?"

त्याने दाखवलं.

"आन् ते?"

त्याने पुढचा शब्द दाखवला. म्हातारीने दोन्ही शब्दांवरून सावकाश बोट फिरवलं आणि मधल्या कोऱ्या फटीवर थांबवलं.

"मग मधी येवढी जागा कशाला सोडलीस?"