बैठकीतला इन्व्हर्टर
विमानाची वीज सांभाळणं हे माझं काम आहे. बदनापुरात हे अजून कुणाला पटत नाही. लोकांच्या लेखी मी विमानात चहा वाटते. माझा थोरला भाऊ हा गैरसमज मुद्दाम जपतो, कारण बहिणीच्या हातात पाना असतो हे त्याला चारचौघांत सांगवत नाही.

त्या उन्हाळ्यात चार दिवसांची सुट्टी काढून मी घरी गेले ती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील, त्यांची फुप्फुसं थकली होती. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या यंत्राची नळी दिवसभर त्यांच्या नाकाला असायची. यंत्र बंद पडलं की थोड्या वेळात ओठ निळे पडतात, हे मला वहिनीने सांगितलं. भावाने फोनवर सांगितलं होतं ते एवढंच, की घरात नवा इन्व्हर्टर बसवलाय.

मी सवयीने वायरींचा माग काढला. इन्व्हर्टरची लाईन फक्त बैठकीत होती. दोन पंखे, टीव्ही आणि देव्हाऱ्याची रंगीत माळ. आबांच्या मागच्या खोलीत काही नाही. आजाऱ्याला बघायला येणारा पाहुणा बैठकीत बसतो, त्याला घाम येता कामा नये. आजारी माणूस मागे खोकत पडला तरी चालतो. ऑक्सिजनचं एक जादा सिलिंडर होतं, तेही रिकामं. जालन्याहून भरून आणायचं राहून गेलं होतं.

"भाऊ, आबांच्या खोलीत लाईन ओढू दे. तासाभराचं काम आहे, मीच करते."

"काल आली अन् आज शिकवायला लागली. मिस्त्रीनं बराबर केलंय. इमानातली अक्कल इमानात ठेव."

"मंग मेन स्विच पाडून बघ एकदा, काय होतं ते."

"चांगल्या घरात अंधार करून बघती? अपशकुन करू नको."

मला तर अपशकुन करायचाच पगार मिळतो. उडत्या विमानाची दोन्ही इंजिनं बंद पडली, तर पहिले काही क्षण बॅटऱ्या निभावतात. तेवढ्यात पोटाखालून एक छोटा पंखा आपोआप बाहेर येतो, समोरच्या वाऱ्याने फिरतो आणि वीज तयार करतो. ती वीज थोडीच असते, म्हणून ती कुणाला द्यायची हे विमान बांधतानाच ठरलेलं असतं. वैमानिकासमोरची उपकरणं, रेडिओ, विमान वळवायची यंत्रणा. जेवण गरम करायच्या भट्ट्या आणि प्रवाशांचे टीव्ही आधी बंद. पुढच्या महागड्या खुर्चीत कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. आणि तो पंखा खरंच बाहेर पडतो का, हे आम्ही विमान जमिनीवर असतानाच बघून घेतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी धावड्याहून पाहुणे आले, आबांना बघायला. चहा झाला, टीव्हीवर मॅच लागली आणि लाईट गेली. बैठकीतले पंखे फिरतच राहिले. मागच्या खोलीतून यंत्राचा बीप बीप आवाज सुरू झाला. भावाने तो ऐकला. ऐकून टीव्हीचा आवाज वाढवला.

"येतीय आत्ता लाईट," तो पाहुण्यांना म्हणाला.

मी यंत्र ढकलत बैठकीत आणलं, मागून वहिनी आबांना धरून घेऊन आली. मी टीव्हीचा प्लग उपटला आणि तिथे यंत्राचा लावला. "तुझ्या टीव्हीला दम लागतो का रे?" मी सगळ्यांसमोर ओरडले. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. भाऊ काळानिळा झाला, पण जागचा हलला नाही.

आबा सोफ्यावर पाहुण्यांच्या मधोमध धापा टाकत होते. मी गुडघ्यावर बसून त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. हळूहळू रंग परतला. बोलण्याइतका दम आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाव्हण्यांदेखत भावाला असं बोलत असत्यात का?" ते म्हणाले. थांबले, दम घेतला. "तू तर जाशील निघून. मला ह्याच्याजवळच राह्यचंय."

मला दोघांचाही संताप आला. आबा खरं बोलत होते, याचा सगळ्यात जास्त. माझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.